अहो, रंग वाळला!

निवृत्त माणूस सकाळी दहानंतर घरात मोकळा सापडू लागला, की घरातली मंडळी अस्वस्थ होतात. तो फ्रिज उघडून डब्यांची चौकशी करतो. फरशी पुसणाऱ्या मावशींना फडकं पिळण्याची योग्य पद्धत समजावतो. कुकरच्या शिट्ट्या मोजतो आणि निकाल मोठ्यानं जाहीर करतो. मग एखाद्या रविवारी सून पुढाकार घेते आणि वाढदिवसाचं निमित्त साधून एक खोका घरात येतो. खोक्यात ॲक्रिलिक रंगांच्या बारा ट्यूबा, तीन ब्रश, प्लॅस्टिकची पॅलेट आणि एक पांढराशुभ्र कॅनव्हास.

"बाबा, तुम्हाला लहानपणी चित्रकलेची आवड होती ना?"

बाबांची आवड म्हणजे एलिमेंटरी परीक्षेत मिळालेली क श्रेणी. पुढे इंटरमिजिएटला ते बसलेच नाहीत, बँकेच्या परीक्षेला बसले. पण नोकरीच्या काळात त्या 'क'वर धूळ बसते आणि 'बाबांचा हात मूळचाच चांगला' एवढी आख्यायिका शिल्लक राहते. डोंबिवलीपासून नाशिकच्या गंगापूर रोडपर्यंत असे मूळचेच चांगले हात घरोघरी पडून आहेत. वानगीदाखल कोथरूडचे एक गृहस्थ घेऊ. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, म्हणून त्यांना नुसतं साहेब म्हणू. असे एक साहेब वाचकांच्या सोसायटीतही असतील, फार तर दुसऱ्या मजल्यावर.

साहेबांनी खोका उघडला आणि विचारलं, "पण काढू काय?"

"फुलं काढा ना," सून म्हणाली, "सोपी असतात."

या एका वाक्यानं जगभरात जितका कॅनव्हास वाया गेला आहे, तितका कोणत्याही वादळात शिडांचाही फाटला नसेल.

फूल सोपं वाटतं त्याला कारणं आहेत. ते बसल्या जागी बसतं. 'माझं नाक एवढं मोठं आहे का?' असं विचारत नाही. आणि मुख्य म्हणजे पैसे मागत नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा हिशेब हाच होता. १८८६ मध्ये पॅरिसला असताना मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून तो पॉपी, गुलाब, शेवंती अशी फुलंच रंगवत सुटला. एका चित्रकार मित्राला त्यानं पत्रातून हे कारण स्वच्छ कळवलंही आहे. साहेबांना ही माहिती यूट्यूबवर मिळाली आणि त्यांनी ती जेवताना सर्वांना ऐकवली. व्हॅन गॉग आणि आपण, दोघंही काटकसरीचे, असा त्यांचा एकूण सूर होता.

त्याच व्हॅन गॉगनं दोन वर्षांनी, ऑगस्ट १८८८ मध्ये, आर्लला सूर्यफुलं रंगवायला घेतली तेव्हा भावाला लिहिलं, की आपण सूर्योदयापासून कामाला लागतो, कारण फुलं फार लवकर कोमेजतात आणि सगळं एका दमात उरकावं लागतं. हा भाग व्हिडिओत नसावा. कारण साहेबांनी बाल्कनीतली जास्वंद हेरली सकाळी आठला आणि प्रत्यक्ष बैठक मांडली दुपारच्या चहानंतर. जास्वंदीचं आयुष्य सगळं एका दिवसाचं. संध्याकाळी ती मिटायला लागते आणि मिटताना कुणाची परवानगी घेत नाही. साहेबांनी एक पाकळी पूर्ण केली तोवर उरलेल्या चारांनी कार्यालय बंद केलं होतं.

बाकीची फुलंही फारशी सहकार्य करणारी नसतात. ज्याला आपल्याकडे लाडानं 'ऑफिस टाइम' म्हणतात ते फूल ऊन वर आल्यावर उघडतं आणि काम संपायच्या आत घरी जातं. गुलबक्षी दुपार टळल्याशिवाय दार उघडत नाही. कुंडीतलं ब्रह्मकमळ रात्री फुलतं आणि ते पाहायला सगळी सोसायटी हळदीकुंकवाच्या थाटात जमते. त्या गर्दीत स्टँड कुठे मांडणार? "जरा बाजूला व्हा, फुलासोबत फोटो काढायचाय," असं चित्रकारालाच सांगितलं जातं. सकाळपर्यंत ब्रह्मकमळानं मान टाकलेली असते.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी शहाणपणा केला. पहाटेच उठून कुंडीतलं ताजं फूल हेरलं, कॅनव्हास लावला, रंग काढले आणि ब्रश भिजवायला आत गेले. परत येतात तो देठच उरलेला.

"अगं, माझं फूल कुठे गेलं?"

"गणपतीला वाहिलं. आज संकष्टी आहे."

"अगं, पण ते मॉडेल होतं!"

"मग बसा देव्हाऱ्यासमोर."

ते खरोखरच बसले. पण देव्हाऱ्यात त्या जास्वंदीवर दूर्वांची जुडी होती, तिच्यावर अक्षता, आणि बाजूला समईची वात. त्या दिवसाच्या चित्राकडे जो तो आपोआप हात जोडू लागला, त्यामुळे फुलाबद्दल कुणी काही बोललंच नाही.

फुलासाठी थांबायचं म्हटलं तर थांबणारेही होऊन गेले. यान व्हान हाउसम या डच चित्रकारानं अठराव्या शतकात फुलदाण्या रंगवून नाव कमावलं. ज्या मोसमात जे फूल, ते त्या मोसमातच समोर ठेवून रंगवायचं, असा त्याचा खाक्या. पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलंय, असं त्यानं गिऱ्हाइकाकडे कळवल्याचं नमूद आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका फुलदाणीवर तर १७३६ आणि १७३७ अशी दोन वर्षं आहेत. तो कामाच्या खोलीत सख्ख्या भावांनाही फिरकू देत नसे. साहेबांच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हे जमण्यासारखं नव्हतं. तिथे पाच मिनिटांना कुणीतरी येऊन मागे उभं राहतं, काही न बोलता थोडा वेळ थांबतं आणि 'हं' म्हणून निघून जातं.

फुलांचा बंदोबस्त शेवटी मोबाइलमधल्या फोटोवर झाला. मग साहेब रंगांकडे वळले, आणि खरी गंमत इथून पुढे आहे.

सुनेनं आणलेल्या बारा ट्यूबा पुरेनात. चित्र चांगलं येत नसलं, की हौशी माणसाची पहिली शंका सामानावर असते. साहेब अप्पा बळवंत चौकात गेले. तिथल्या दुकानदारानं हजारो साहेब पाहिले असावेत. त्यानं एकच प्रश्न विचारला, "स्टुडंट की आर्टिस्ट?"

वयाच्या साठीत कुणी आपल्याला विद्यार्थी समजावं हे साहेबांना पटलं नाही. ते करारी आवाजात "आर्टिस्ट" म्हणाले, आणि तेवढ्या एका शब्दानं बिलाला आणखी एक आकडा जोडला. फरक खोटा नसतो. महागड्या रंगात रंगद्रव्य जास्त आणि भरताड कमी असतं, त्यामुळे रंग जोरकस उतरतो. मात्र हात क श्रेणीचाच असेल तर चूकही तितकीच जोरकस उतरते. फिलबर्ट, फ्लॅट, राउंड, फॅन असे ब्रश आले, पॅलेट नाइफ आली, आणि लाकडी चौकटीवर ताणलेले तयार कॅनव्हास आले. प्रत्येक कॅनव्हासच्या मागे छोट्या पिशवीत लाकडाचे त्रिकोणी तुकडे होते. ते कॅनव्हास सैल पडला तर चौकटीच्या कोपऱ्यातल्या खाचांत ठोकून तो पुन्हा ताणायचे असतात. साहेबांच्या घरी त्यातले चार डायनिंग टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली आहेत आणि टेबल आता उत्तम उभं आहे. त्या खरेदीतली सर्वांत उपयोगी वस्तू तीच निघाली.

आता ॲक्रिलिकविषयी. तैलरंगांची परंपरा शतकांची, जलरंगांचीही. ॲक्रिलिक मात्र कारखान्यातून आलेला पाहुणा. ऑटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९०१ मध्ये ॲक्रिलिक ॲसिडच्या संयुगांवर प्रबंध लिहिला. त्याच कुळातून पुढे १९३३ मध्ये प्लेक्सिग्लास नावाचं पारदर्शक प्लॅस्टिक बाजारात आलं. चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग अमेरिकेत १९५५ मध्ये आला. हेन्री लेव्हिसन यांनी तो 'लिक्विटेक्स' या नावानं विकायला काढला. थोडक्यात, काचेसारख्या प्लॅस्टिकचा हा चुलतभाऊ. तो पाण्यात मिसळतो म्हणून लोकांना गरीब वाटतो. मिसळतो खरा, पण ओला असेपर्यंतच.

रंगद्रव्याचे कण आणि ॲक्रिलिकचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते थेंब एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा होतो. मग त्यावर पाणी ओता, साबण घासा, आईचा पदर ओला करून पुसा, तो ढिम्म हलत नाही. पातळ थर दहा-वीस मिनिटांत वाळतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ही पुस्तकं बहुधा थंड देशात लिहिली जातात. पुण्यात मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला आणि डोक्यावर पंखा पाचवर असताना, रंग ट्यूबमधून पॅलेटवर येतो आणि ब्रश तिथे पोचेपर्यंत वाळून बसलेला असतो.

त्यामुळे त्या घरात दिवसभर एक संवाद चालायचा.

"अहो, चहा!"

"आलो, एवढी पाकळी होऊ दे."

"अहो, चहा गार झाला!"

"अगं, रंग वाळला!"

पाकळीत गडद गुलाबीकडून फिक्या गुलाबीकडे अलगद जायचं असतं. दोन्ही रंग ओले असतानाच ते एकमेकांत मिसळावे लागतात. साहेब गडद रंग लावायचे, चष्मा बदलायचे, फोटो मोठा करून बघायचे, आणि फिका रंग घेऊन परतायचे तोवर गडद रंग कायमचा स्थायिक झालेला असायचा. मग पाकळीवर सरळ रेषा उमटे, तालुक्याच्या नकाशात हद्द असते तशी.

या ठिकाणी बॉब रॉसचा विषय निघणं अटळ आहे. कुरळ्या केसांचा तो मऊ आवाजाचा अमेरिकन चित्रकार १९८३ ते १९९४ अशी अकरा-एक वर्षं टीव्हीवर अर्ध्या तासात डोंगर, झाडं, तळं उभं करत असे, आणि हौशी जगात त्याला गुरुस्थानी मानतात. साहेबांनीही त्याच्याकडे बघून ओल्यावर ओला रंग फासायला घेतला. तासाभरानं लक्षात आलं, की बॉब रॉस तैलरंग वापरायचा, आणि तो रंग दिवस न् दिवस ओला राहतो. त्या सोज्ज्वळ माणसाकडे बघून जगभर किती जणांनी ॲक्रिलिक खरवडलं असेल याची गणती नाही. त्यात त्याचा काही दोष नाही. तो आधीच सांगायचा. लोक आवाज ऐकत बसायचे.

मग उपाय सुरू झाले. इस्त्रीच्या टेबलावरची पाणी फवारायची बाटली स्टुडिओत गेली. इस्त्री कोरडी होऊ लागली. रंग वाळणं लांबवणारं रिटार्डर नावाचं द्रव्य आलं. ते थोडं टाकायचं असतं. साहेबांना बँकेत कधीही 'थोडं' म्हणजे किती हे न विचारता काम करायची सवय नव्हती, पण इथे विचारायला वरिष्ठ कुणी नव्हतं. ते चित्र आठवडाभर चिकट राहिलं आणि त्यावर एक डास अजून आहे. शेवटी जाणकारांचा जालीम तोडगा, ओली पॅलेट. एका झाकणाच्या डब्यात ओलं फडकं घालायचं, त्यावर केकचा बेकिंग पेपर अंथरायचा आणि त्यावर रंग काढायचे. झाकण लावलं की रंग कैक दिवस ताजे राहतात. उन्हाळ्यात बुरशी धरू नये म्हणून साहेबांनी डबा फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सून डब्यासाठी सँडविच करत होती. तिनं झाकण उघडलं, तर आत हिरवंगार, लोण्यासारखं, ताजं सॅप ग्रीन.

ब्रेडवर चमचा टेकण्याआधी तिला वास आला म्हणून बरं. त्यानंतर त्या घरातल्या पुदिन्याच्या चटणीच्या डब्यावर 'खाण्याची' अशी चिठ्ठी असते.

ओला रंग आणि वाळलेला रंग हे एकमेकांचे नातेवाईक असले तरी चेहरेपट्टी जुळत नाही. ॲक्रिलिकचा वाहक ओला असताना दुधासारखा पांढरट असतो आणि वाळला की पारदर्शक होतो. त्यामुळे रंग वाळल्यावर एक छटा गडद होतो. साहेब सकाळी मिसळलेल्या गुलाबीला जुळेल असा गुलाबी दुपारी मिसळायचे. दोन्ही हुबेहूब दिसायचे. चहा पिऊन येईपर्यंत दुपारचा गुलाबी सकाळच्यापेक्षा काळवंडलेला असायचा. मग सकाळचा गडद करायचा, मग दुपारचा फिका वाटायचा, मग तो गडद करायचा. अशा रीतीनं एक गावठी गुलाब संध्याकाळपर्यंत वांग्याच्या रंगाला पोचला.

वांग्याचा रंग हवा असेल तेव्हा मात्र तो येत नाही. लाल आणि निळा मिळून जांभळा होतो, हे आपल्याला बालवाडीपासून माहीत असतं. साहेबांनी कारवीचं फूल काढायला घेतलं. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि तेव्हा सह्याद्रीचे उतार निळे-जांभळे होतात. फोटो कासचा, कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला. कॅडमियम रेडमध्ये अल्ट्रामरिन ब्लू घातला. चिखल झाला. निळा वाढवला. जास्त चिखल झाला. पांढरा घातला, तर सिमेंट. कॅडमियम रेडचा कल पिवळ्याकडे असतो, आणि लाल, निळा व पिवळा एकत्र आले की करडा-तपकिरी रंग होणारच. स्वच्छ जांभळा हवा तर निळ्याकडे झुकणारा लाल लागतो, क्विनाक्रिडोन मजेंटासारखा. हे कळेपर्यंत कासचं पठार नांगरलेल्या शेतासारखं दिसू लागलं होतं. साहेबांनी चित्राचं नाव ठेवलं 'मान्सूनची चाहूल' आणि पुढचा कॅनव्हास घेतला.

कोरा कॅनव्हास हे एक वेगळंच प्रकरण आहे. विन्स्टन चर्चिल १९१५ मध्ये नौदलाच्या मंत्रिपदावरून दूर झाल्यावर विरंगुळा म्हणून चित्रकलेकडे वळले, तेव्हा त्यांनाही या पांढऱ्या कापडाची धडकी भरली होती. खूप विचार करून त्यांनी आकाशाच्या जागी घेवड्याच्या दाण्याएवढा निळा ठिपका लावला आणि थांबले. तेवढ्यात चित्रकार जॉन लॅव्हरी यांच्या पत्नी, स्वतःही चित्रकार, मोटारीतून आल्या. त्यांनी मोठा ब्रश हिसकावून घेतला आणि कॅनव्हासवर निळ्याचे सपासप फटकारे मारले. चर्चिल यांची भीती तिथेच संपली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. कोथरूडला लेडी लॅव्हरी येत नाहीत, नातू येतो. त्यानंही फटकारे मारले. कॅनव्हासवर, टेबलावर, भिंतीवर आणि आजोबांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या सदऱ्यावर. साहेबांची कॅनव्हासची भीती खरोखर गेली. आता त्यांना नातवाची वाटते.

सदऱ्याचं काय झालं ते वर सांगितलेल्या रसायनशास्त्रावरून वाचकांनी ताडलंच असेल. तो आता चित्रकाराचा सदरा म्हणून ओळखला जातो. गेल्या काही महिन्यांत असे सदरे वाढले आहेत आणि लग्नाकार्याला घालायचे कमी झाले आहेत.

या सगळ्या काळात घरातली एक व्यक्ती स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होती. साहेबांच्या पत्नीनं ऐन संसारात फॅब्रिक पेंटिंगचा क्लास केला होता. फेविक्रिलच्या बाटल्या, लाकडी रिंग, कार्बन पेपरनं उतरवलेली नक्षी. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, नणंदेच्या साडीचा पदर, शेजारणीच्या मुलीचा फ्रॉक. त्या छोट्या बाटल्यांतला रंगही ॲक्रिलिकच. म्हणजे ज्या रंगाची ओळख करून घ्यायला साहेब महागडे व्हिडिओ कोर्स लावत होते, त्या रंगानं रंगवलेल्या गुलाबांवर डोकं ठेवून ते तीसेक वर्षं घोरले होते. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. घरातल्या तज्ज्ञाला विचारायचं नसतं, असा काही नियम असावा, कारण तो बहुतेक घरांत पाळला जातो.

अमेरिकेत डोना ड्यूबेरी या बाईंनी 'वन स्ट्रोक' नावाची पद्धत लोकप्रिय केली. चपट्या ब्रशच्या एका टोकाला गडद रंग, दुसऱ्या टोकाला फिका, आणि मनगटाच्या एका वळणात छटेसकट आख्खी पाकळी. रंग वाळण्याचा प्रश्नच मिटतो, कारण पाकळी वाळायच्या आत संपलेली असते. साहेब हा व्हिडिओ थांबवून, मागे नेऊन, पुन्हा लावून बघत होते. पत्नी भाजी निवडता निवडता म्हणाली, "मनगट फिरवा, कोपर नको."

"तुला काय माहीत?"

पत्नीनं हात पुसला, ब्रश घेतला, दोन्ही टोकं दोन रंगांत टेकवली आणि कॅनव्हासच्या कोपऱ्यात पाच वळणांत एक गुलाब काढला. मग ती पुन्हा गवार निवडायला बसली. साहेब बराच वेळ त्या गुलाबाकडे बघत होते. नंतर त्यांनी त्याच्याखाली सही केली.

इतक्यावर थांबते तर ती हौस कसली? फूल काढून झालं की ते दाखवावं लागतं, आणि दाखवलं की लोक ओळखायला बघतात. साहेबांच्या डेलियाला मेव्हण्यांनी कोबी म्हटलं. अनंताला शेजाऱ्यांनी पोच्ड एग म्हटलं. पांढरी फुलं तर पक्की घातकी असतात. नवखा माणूस पांढरं फूल म्हणून ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट थेट थापतो, आणि मग उजेड पडलेली जागा दाखवायला त्याहून पांढरं काही उरत नाही. मुरलेले लोक मोगरा आधी निळसर राखाडीत रंगवतात आणि शुद्ध पांढरा फक्त शेवटी, दोन-चार ठिकाणी टेकवतात. साहेबांचा मोगऱ्याचा गजरा थर्माकोलच्या गोळ्यांचा दिसायचा. नातवानं विचारलं, "आजोबा, टीव्हीचं पॅकिंग काढलंत का?"

पण ओळखता न येणं हा काही कमीपणा नव्हे. अँडी वॉरहॉलचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ कास्टेली गॅलरीत त्याची 'फ्लॉवर्स' ही मालिका लागली. कॅनव्हासवर ॲक्रिलिक आणि स्क्रीन प्रिंटिंगची शाई, भडक रंगांची चार फुलं, मागे गवत. तिथल्या समीक्षकांत कुणी त्यांना ॲनिमोन म्हटलं, कुणी नॅस्टर्शियम, कुणी पॅन्झी. मूळ फोटो पॅट्रिशिया कॉलफिल्ड या छायाचित्रकार बाईंचा होता, एका मासिकात छापून आलेला. वॉरहॉलनं तो न विचारता उचलला, १९६६ मध्ये बाईंनी दावा ठोकला आणि प्रकरण तडजोडीवर मिटलं. फुलं कुठली होती? जास्वंदीची! न्यूयॉर्कच्या भल्याभल्यांना जे जमलं नाही ते आपल्याकडे परडी घेऊन पहाटे फिरणाऱ्या कुठल्याही आजीनं चालता चालता सांगितलं असतं, आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यातली दोन तोडूनही घेतली असती.

साहेबांनी हा किस्सा मेव्हण्यांना ऐकवला. मेव्हणे कोबीवर ठाम राहिले.

मग साहेबांनी हुकमाचा पत्ता काढला. जॉर्जिया ओकीफ या अमेरिकन चित्रकर्तीनं १९३२ मध्ये एक भलंमोठं पांढरं फूल रंगवलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात त्या चित्राला ४ कोटी ४४ लाख डॉलर मिळाले. कुठल्याही स्त्री चित्रकाराच्या चित्राला लिलावात तोवर एवढी किंमत आली नव्हती. आणि ते फूल होतं धोतऱ्याचं.

"धोतरा?" मेव्हणे उठून बसले. "तो आमच्या मागच्या प्लॉटवर उकिरड्याच्या कडेला उगवतो!"

"तोच तो."

त्या रविवारी मेव्हण्यांनी ॲक्रिलिकची पेटी घेतली. दुकानदारानं त्यांनाही तोच प्रश्न विचारला असणार, आणि उत्तरही तेच मिळालं असणार, कारण त्यांच्या बायकोचा फोन संध्याकाळीच आला. बिल वाचून दाखवायला.

यथावकाश प्रदर्शन झालं. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात हौशी मंडळींची सामूहिक प्रदर्शनं लागत असतात. साहेबांनी आणि त्यांच्यासारख्या काही जणांनीही भाड्याची वर्गणी काढून भिंती मिळवल्या. उद्घाटनाला गर्दी चांगली होती, आणि तिचा ओढा बटाटेवड्यांच्या टेबलाकडे होता. पाहुण्यांना चित्रांपेक्षा चहाची काळजी जास्त असते, हे जुनंच दुखणं आहे. मॅरिअन नॉर्थ ही इंग्रज बाई जगभर, आपल्या हिंदुस्थानातही, फिरून फुलं-झाडं तैलरंगात रंगवत राहिली. १८८२ मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानात तिनं स्वखर्चानं गॅलरी उभारली. तिथे आठशेहून अधिक चित्रं आहेत, इतकी खेटून लावलेली की भिंत दिसत नाही. येणाऱ्यांना तिथे चहा-कॉफी मिळावी अशी तिची फार इच्छा होती. उद्यानाच्या संचालकांनी साफ नकार दिला. तेव्हा तिनं दारांवर चहाची आणि कॉफीची झाडंच रंगवून टाकली.

साहेबांच्या प्रदर्शनात चहा होता, गिऱ्हाईक नव्हतं. तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या, त्यांनी पर्समधून टेप काढली आणि 'मान्सूनची चाहूल' आडवं-उभं मोजलं.

"यात थोडा मरून कलर मिळेल का? आमचा सोफा मरून आहे."

बँकेत असताना साहेबांनी असल्या अर्जांवर 'नामंजूर' असा शेरा मारला असता. इथे ते म्हणाले, "सोफ्याचा फोटो पाठवा."

न विकलेल्या चित्रांची पुढची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. ती वास्तुशांतीला, मुंजीला, साठीशांतीला जातात. साहेबांनी ती आधी एकावर एक, तोंडाला तोंड लावून माळ्यावर ठेवली होती. ॲक्रिलिक वाळलं तरी उकाड्यात किंचित मऊच राहतं. दिवाळीला काढायला गेले तर मोगरा डेलियाला घट्ट चिकटलेला. ओढून सोडवल्यावर जे झालं, त्याकडे पाहून मेव्हणे पहिल्यांदा म्हणाले, "हं, हे फुलासारखं दिसतंय." प्रस्तुत लेखकाच्या घरीही असल्या एका भेटीचं वास्तव्य आहे. साहेब येणार असा फोन आला की ती कपाटामागून भिंतीवर येते, आणि त्या जागी एरवी टांगलेलं कालनिर्णय तेवढ्यापुरतं कपाटामागे जातं.

तेव्हा वाचकहो, येत्या सणासुदीला कुणी वर्तमानपत्रात गुंडाळलेली चपटी, चौकोनी वस्तू घेऊन दारात उभं राहिलं, तर कागद घाईनं फाडू नका. हळूहळू सोडवा, नाहीतर पाकळ्यांवर ठळक बातम्या उमटतील. 'हे कुठलं फूल?' असं चुकूनही विचारू नका. उजव्या कोपऱ्यातल्या सहीचं कौतुक करा. ती स्वच्छ वाचता येते, सगळ्या चित्रांवर सारखीच येते, आणि पूर्वी तिच्यावर लोकांना कर्ज मिळायचं.